‘रेज बेट’ म्हणजे काय रे भाऊ?

(सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा. नावं बदलली आहेत. मधले गुड मॉर्निंगचे गुलाब, ‘टँकर आला का’ आणि अंगठे गाळले आहेत.)

सुधीर काका (ए-१०३): ज्यांना कबुतरांचा त्रास होतो त्यांनी आपल्या खिडक्या बंद ठेवाव्यात. मुक्या जिवाला दाणे घालणं हा गुन्हा नाही. सहमत असाल तर पुढे पाठवा.

शिंदे काकू (सी-३०१): सहमत नाही, पण पुढे पाठवते. माझ्या गॅलरीतल्या चादरीसकट.

आर्या (बी-४०२): काकू, उत्तर देऊ नका. रेज बेट आहे ते.

सुधीर काका: काय आहे? मी नुसतं फॉरवर्ड केलंय.

आर्या: तेच ना काका. लोकांनी चिडावं म्हणूनच लिहिलेलं असतं. रेज म्हणजे संताप, बेट म्हणजे गळाला लावतात ते आमिष. लोक संतापून कमेंट करतात, त्या पेजचे व्ह्यूज वाढतात, व्ह्यूजवर पैसे मिळतात. ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी २०२५ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून हाच निवडला.

सेक्रेटरी कदम: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय. एजीएम २८ ऐवजी २१ तारखेला प्रीपोन केली आहे, नोंद घ्यावी.

सुधीर काका: आर्या बेटा, शब्द तर दोन दिसतायत. आणि ऑक्सफर्डने निवडला म्हणजे आता तो अधिकृत इंग्रजी झाला का? अशी मंजुरी देतं कोण? काही बोर्ड वगैरे असेल ना?

प्रधान मॅडम (ए-५०१): सुधीरराव, बोर्ड नाही. फ्रेंचांची अकादमी आहे, १६३५ सालापासून. इंग्रजीला तसं कुणी वालीच नाही. फ्रान्स सरकारने २००३ मध्ये सरकारी कागदांतून ‘ई-मेल’ हद्दपार करून त्याजागी ‘कुरिएल’ आणला. लोक बोलताना ‘मेल’ म्हणतात ते म्हणतातच. आणि वर्षाचा शब्द हा त्या वर्षापुरता मानकरी. डिक्शनरीत नोंद होणं हे वेगळं खातं.

‘रेज बेट’ तसा जुना आहे. २००२ मध्ये यूजनेट नावाच्या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावर सापडतो. मागच्या गाडीने पुढे जायला वाट मागण्यासाठी दिवे मारले की पुढचा ड्रायव्हर कसा बिथरतो, त्याबद्दल होतं ते.

निखिल (बी-१०१): म्हणजे शब्द खरा हायवेवरचा आहे.

शिंदे काकू: मला वाटलं आमच्या लिफ्टमधला.

प्रधान मॅडम: त्याच साली ‘सेल्फी’ही जन्मली. ऑस्ट्रेलियातला एक तरुण मित्राच्या एकविसाव्या वाढदिवसाला पिऊन पायऱ्यांवर धडपडला आणि ओठ फाटला. विरघळणारे टाके घातले होते. सारखी जीभ लागली तर ते लवकर विरघळतील का, असं त्याने एका ऑनलाइन चर्चेत विचारलं. सोबत फाटक्या ओठाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की फोकस नीट नाही, माफ करा, सेल्फी होती. तारीख १३ सप्टेंबर २००२. याच्याआधीची लेखी नोंद अजून मिळालेली नाही.

शिंदे काकू: म्हणजे दारू पिऊन पडला तो, आणि हारतुरे ऑक्सफर्डचे.

प्रधान मॅडम: अगदी! पण त्याने ‘शोधला’ असंही म्हणू नका. ज्या सहजतेने लिहिलाय त्यावरून दिसतं की त्याच्या मित्रमंडळीत तो बोलला जात असणार. ऑस्ट्रेलियन लोकांना शब्द तोडून शेवटी ‘ई’ लावायची हौस. बार्बेक्यूची बार्बी, बिअरच्या कॅनची टिनी. पुढे आठ-दहा वर्षं तो शब्द तसाच पडून होता. मग फोनला समोरून कॅमेरा आला, इन्स्टाग्राम आलं, आणि २०१३ मध्ये ऑक्सफर्डने सांगितलं की त्याचा वापर एका वर्षात १७ हजार टक्क्यांनी वाढलाय. माझं म्हणणं असं की यंत्र शब्द जन्माला घालत नाही. तो आधीच कुठेतरी असतो, यंत्र त्याला गिऱ्हाईक मिळवून देतं.

निखिल: मॅडम, ‘गूगल करणं’ मात्र यंत्रासोबतच आलं.

प्रधान मॅडम: ते मान्य. २००६ मध्ये ऑक्सफर्ड आणि अमेरिकेतली मेरियम-वेब्स्टर, दोघांनीही ‘गूगल’ क्रियापद म्हणून घेतलं. इंग्रजीत नामाचं क्रियापद करायला काही खर्चच येत नाही. टेक्स्टचं टू टेक्स्ट, फ्रेंडचं टू फ्रेंड.

सुधीर काका: आणि ‘अनफ्रेंड’! आमच्या साडूंनी मला केलंय.

प्रधान मॅडम: त्यांनी सतराव्या शतकातली परंपरा पाळली म्हणायची. ‘अनफ्रेंड’ हे क्रियापद १६५९ च्या इंग्रजीत आहे. मग कुणाला त्याची गरजच पडली नाही. फेसबुकमुळे पुन्हा पडली.

सुधीर काका: *तुम्हाला माहीत आहे का???* कंप्युटरमधल्या चुकीला ‘बग’ का म्हणतात? १९४७ साली अमेरिकेत एका कंप्युटरमध्ये खराखुरा बग, म्हणजे पतंग हा किडा, अडकला होता! तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. ज्ञान वाटल्याने वाढते.

निखिल: काका, पतंग खरा आहे. हार्वर्डचा मार्क टू, ९ सप्टेंबर १९४७. वहीत चिकटपट्टीने चिकटवलेला आहे, वही अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण त्याखाली काय लिहिलंय ते फॉरवर्डवाले सांगत नाहीत: ‘बग सापडल्याची ही पहिली खरी घटना’. ‘खरी’ असं लिहिलंय, म्हणजे खोटे बग आधीपासून होतेच. त्या इंजिनिअर लोकांचा विनोद होता तो. एडिसनने १८७८ च्या पत्रात यंत्रातल्या बारीक खोडीला बग म्हटलंय.

सुधीर काका: मग हे फॉरवर्ड चुकीचं?

निखिल: अर्धं बरोबर.

शिंदे काकू: तुमच्या मानाने खूपच झालं, भावजी.

*सुधीर काका यांनी हा मेसेज डिलीट केला आहे.*

प्रधान मॅडम: एडिसनचं नाव निघालंच आहे तर सांगते. तुम्ही फोन उचलून ‘हॅलो’ म्हणता ना, ते त्याच्यामुळे. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेलला ‘अहॉय’ हवं होतं, जहाजावरचे खलाशी घालतात तशी साद. एडिसनने ऑगस्ट १८७७ मध्ये पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीच्या अध्यक्षाला लिहिलं की घंटेची गरज नाही, ‘हॅलो’ दहावीस फुटांवरून ऐकू जातं. तोवर हॅलो ही कुणाचं लक्ष वेधायची हाक होती किंवा आश्चर्याचा उद्गार. समोरच्याचा चेहरा न बघता बोलणं सुरू करायची वेळच माणसावर कधी आली नव्हती, म्हणून त्यासाठी शब्दही नव्हता.

मंजिरी (सी-२०४, सध्या लीड्स, इंग्लंड): उशिरा वाचतेय, इथे आत्ता सकाळ. मॅडम, मला ‘फर्लो’ आठवला. मार्च २०२० पर्यंत माझ्या ऑफिसात हा शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकला नव्हता. मूळचा सैनिकांच्या रजेचा. मग लॉकडाऊन लागला, घरी बसवलेल्यांचा ८० टक्के पगार सरकार देणार असं जाहीर झालं, महिन्याला जास्तीत जास्त अडीच हजार पाउंड, आणि आठवडाभरात ‘तू फर्लोवर आहेस का’ हा हवापाण्यासारखा प्रश्न झाला. आमच्या टीममधली एक ज्येष्ठ बाई त्याचं क्रियापद करायला तयार नव्हती. ‘आय हॅव बीन फर्लोड’ म्हणताना तिला लाज वाटायची, कुणी काहीतरी गैर केल्यासारखं. महिन्याभरात तीही म्हणायला लागली. सप्टेंबर २०२१ ला योजना संपली आणि शब्दही गेला. आता परत कुणी काढत नाही.

आर्या: आणि अनम्यूट! ‘यू आर ऑन म्यूट’ हे आमच्या बारावीचं राष्ट्रगीत होतं.

मंजिरी: ते टिकलं. मीटिंग राहिल्या ना.

शिंदे काकू: मंजिरी, तिकडे ‘एलओएल’ लिहितात का गं अजून? मी परवा एकीच्या वाढदिवसाला लिहिलं तर आर्या म्हणाली, काकू, हे म्हातारे लोक लिहितात.

मंजिरी: काकू, इथल्या एका पंतप्रधानांची गंमत ऐका. डेव्हिड कॅमेरून टेक्स्टखाली एलओएल लिहायचे, ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून. २०१२ मध्ये वृत्तपत्रांच्या वागणुकीची सार्वजनिक चौकशी चालली होती, त्यात एका माजी संपादकबाईंच्या साक्षीत हे बाहेर आलं. खरा अर्थ ‘लाफिंग आउट लाउड’, म्हणजे खो-खो हसणं, हे कळल्यावर थांबले म्हणे.

आर्या: आम्ही आता कवटी टाकतो. ‘मेले हसून’ अशा अर्थी. 😂 पण म्हातारा झाला.

प्रधान मॅडम: त्या म्हाताऱ्याला २०१५ साली ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द केलं होतं. मी तेव्हा फार चिडले होते, हा शब्दच नाही म्हणून. आज ग्रुपवर बघते तर निम्मं बोलणं त्याच्यातच चालतं.

सुधीर काका: मॅडम, हे सगळं मान्य. पण ‘रिझ’ला काय अर्थ आहे? नातू म्हणतो, आजोबा तुम्हाला रिझ नाही. मी म्हटलं काय नाही? तर हसत बसला. ही काय भाषा झाली? शब्दाला काही व्युत्पत्ती नको?

प्रधान मॅडम: आहे की. ‘करिझ्मा’तला मधला तुकडा. समोरच्याला भुरळ पाडायची हातोटी.

सुधीर काका: शब्दाच्या मधला तुकडा कोण उचलतं?

प्रधान मॅडम: तुम्ही. इन्फ्लुएन्झाचा मधला तुकडा म्हणजे फ्लू. रेफ्रिजरेटरचा मधला तुकडा म्हणजे फ्रिज. तेही कधीतरी कुणाच्या तरी आजोबांना खटकले असतील.

शिंदे काकू: भावजी, फ्रिज बंद करा आता.

प्रधान मॅडम: सुधीरराव, चिडू नका, पण एक सांगते. आपल्याला वाटतं इंग्रजी साहेब घडवतो. प्रत्यक्षात गेल्या शंभर वर्षांत तिच्यात सर्वांत जास्त भर घालणाऱ्यांत अमेरिकेतले काळे लोक आहेत, आणि त्यांचं नाव क्वचित घेतलं जातं. ‘वोक’ बघा. ‘स्टे वोक’ म्हणजे सावध राहा, पोलीस आणि कोर्ट तुझ्या बाजूचे नाहीत हे विसरू नको. १९३०च्या दशकात ते ध्वनिमुद्रित झालेलं आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावी पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण मेला, आंदोलन पेटलं, ट्विटरवरून हा शब्द सगळीकडे गेला. २०१७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये नोंद झाली. आणि आज तो बहुतेक वेळा शिवी म्हणून ऐकू येतो, तीही ज्यांच्यापासून सावध राहायला सांगितलं होतं त्यांच्या तोंडून. शब्द चोरीला जातो तो असा.

आर्या: मॅडम 🔥

मंजिरी: आणि ‘मिज्’? माझ्या बँकेच्या पत्रावर तेच असतं, मिसही नाही आणि मिसेसही नाही.

प्रधान मॅडम: त्याची कथा तर संयमाची आहे. १९०१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्रात कुणीतरी सुचवलं की बाईचं लग्न झालंय की नाही ठाऊक नसताना तिला काय म्हणायचं ही अडचण आहे, तर दोन्हींना चालेल असा ‘मिज्’ वापरावा. युक्ती उत्तम होती. कुणी ढुंकून पाहिलं नाही. सत्तरच्या दशकात स्त्रीमुक्तीची चळवळ उभी राहिली, त्याच नावाचं मासिक निघालं, तेव्हा कुठे तो वापरात आला. न्यूयॉर्क टाइम्सने १९८६ पर्यंत दारातच उभा ठेवला होता. पंच्याऐंशी वर्षं! रिझला इतकी वर्षं लागली नाहीत, कारण लग्नाचा प्रश्न त्यात नव्हता.

शिंदे काकू: आमच्या मेंटेनन्सच्या पावतीवर अजून ‘श्रीमती द्वारा श्री’ येतं. फ्लॅट माझ्या नावावर आहे. कदमभाऊ, वाचताय ना?

सेक्रेटरी कदम: सॉफ्टवेअरमध्ये तसंच फीड आहे काकू. बघतो.

मंजिरी: कदमकाका, तुमचं ‘प्रीपोन’ मी इथे पहिल्याच आठवड्यात वापरलं होतं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. पोस्टपोन आहे तर प्रीपोन का नाही, हे त्यांनाही सांगता येईना.

सेक्रेटरी कदम: चुकीचा शब्द आहे का?

प्रधान मॅडम: मुळीच नाही. डिक्शनरीत आहे, पुढे ‘भारतीय इंग्रजी’ अशी खूण करून. त्यांना कधी लागला नाही, आपल्याला रोज लागतो. आणि कदम, तुमच्यासाठी आणखी एक. ऑक्सफर्डची जी डिक्शनरी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असते, तिच्या २०२० च्या आवृत्तीत नव्याने घातलेल्या भारतीय शब्दांत आधार आहे, डब्बा आहे आणि चाळही आहे.

सेक्रेटरी कदम: चाळ?? आमची लालबागची?

प्रधान मॅडम: तीच. गॅलरीसकट.

सेक्रेटरी कदम: चाळ पाडून टॉवर झाला तिथे. डिक्शनरीत गेली म्हणायची. आईला सांगतो.

सुधीर काका: मला एक कळत नाही. सारखे नवे शब्द घालतात तर जुने काढत असतील ना? नाहीतर पुस्तक मावणार कसं?

प्रधान मॅडम: मोठी ऑक्सफर्ड एकदा घेतलेला शब्द काढत नाही. कुणी वापरत नसलं तरी ‘अप्रचलित’ अशी चिठ्ठी लावून ठेवतात.

निखिल: आपल्या पार्किंगमधल्या स्कूटर्ससारखं.

प्रधान मॅडम: मात्र मुलांच्या छोट्या डिक्शनरीत जागा मोजकी असते, तिथे काढतात. ऑक्सफर्डच्याच लहान मुलांच्या २००७ च्या आवृत्तीतून ओकचं फळ, ब्लूबेल, बटरकप, विलोचं झाड, खंड्या, पाणमांजर असे बरेच गेले. बदल्यात आले ब्लॉग, ब्रॉडबँड, चॅटरूम, एमपीथ्री प्लेयर. २०१५ मध्ये लेखकांनी निषेधाचं पत्रही लिहिलं, मुलं झाडापाखरांना नावाने ओळखायची कशी म्हणून. संपादकांचं उत्तर साधं होतं, मुलं जे बोलतात तेच आम्ही ठेवतो.

आर्या: चॅटरूम म्हणजे काय?

निखिल: बघा. एमपीथ्री प्लेयरही गेला. त्यापेक्षा पाणमांजर ठेवायला हवं होतं.

मंजिरी: पाणमांजर अजून इथल्या नदीत आहे.

प्रधान मॅडम: हो, आणि त्याच यादीत आणखी एक शब्द नव्याने घातला होता. ‘कमिटी’.

शिंदे काकू: तरीच! कमिटी आली की झाडं जाणारच.

सेक्रेटरी कदम: काकू, तो गुलमोहर महापालिकेची परवानगी घेऊनच छाटला होता. ठरावाची प्रत ऑफिसात आहे.