दोन दशांश नाही, सार्थ अंक बघा
एका भाऊने लिहिलंय की मोजमापाच्या गणितात उत्तर कायम दोन दशांशापर्यंत द्यायचं, ते बरोबर नाही भाऊ, सार्थ अंक (significant figures, म्हणजे मोजमापातले भरवशाचे अंक) बघायचे. आमच्या रावेरकडे केळी कापली की काट्यावर जातात, समजा सात घड मिळून १२८.५ किलो भरले, काटा १०० ग्रॅमपर्यंतच दाखवतो, आता सरासरी काढली की कॅल्क्युलेटर सांगतो १८.३५७१४२, म्हणजे पार मिलिग्रॅमपर्यंत, पण तेवढं मोजलंच कोणी? १२८.५ मध्ये चार सार्थ अंक, म्हणून भागाकाराच्या उत्तरातही चारच, १८.३६ किलो. आणि सात हे मोजलेले नग आहेत, एकदम नेमके, त्यात एकच अंक दिसतो म्हणून उत्तर २० करू नका, अकरावीची पोरं इथेच हमखास मार्क घालवतात.

बेरजेत मात्र दशांश स्थळं बघायची, ५२.३ किलो कापसात ०.४८६ किलो टाकला तर ५२.८ लिहा, ५२.७८६ नाही.

०.०४५० मध्ये तीन सार्थ अंक, सुरुवातीचे शून्य धरायचे नाहीत, शेवटचा धरायचा कारण तो मोजून लिहिलेला असतो.

अन प्लीज, मधल्या स्टेपला राउंड ऑफ करू नका, एक-दोन अंक जास्तीचे राहू द्या, शेवटी एकदाच करा.