स्टीलमध्ये नायोबियम (एक धातू) घातलं की हॉट रोलिंगचं मॉडेल अडकतंय

कुपवाडकर_पोरगा: सांगलीत एमटेक करतोय, प्रोजेक्टला प्लेट मिलचं (तापलेलं स्टील रोलरखाली लाटून जाड पत्रा करतात त्याचं) मॉडेल एक्सेलमध्येच बसवलंय, स्लॅब (स्टीलचा जाड ठोकळा) 1200 डिग्रीला आणि सात पास (रोलरमधून सात फेऱ्या), प्रत्येक पासनंतर अव्रामीचं इक्वेशन (किती वेळात किती भाग बदलला ते सांगणारं) लावून किती रिक्रिस्टलाइज झालं, म्हंजे दबलेल्या ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिकांच्या) जागी किती नवे ग्रेन आले, ते काढतो आणि नवा ग्रेन साइज पुढं देतो. साधं कार्बन-मँगनीज स्टील झकास चालतंय पण 0.04 टक्के नायोबियम घातलं की शेवटच्या पासांना रिक्रिस्टलायझेशन जवळजवळ शून्य. कुठं चुकतंय?

मिरजेचा_भट्टीवाला: तापमान केल्विनमध्येच टाकलंयस नव्हं? हसू नको, मी आठवडाभर सेल्सिअस टाकून डोकं धरून बसलेलो.

सातारी_कंदी: शून्य येणं चूक नाहीच भावा! 900 च्या आसपास नायोबियमचे कार्बोनायट्राइड (कार्बन-नायट्रोजनशी झालेली संयुगं) बारीक कण होऊन बाहेर पडतात आणि ग्रेनच्या सीमा अडवून धरतात, मग ऑस्टेनाइटचे (तापलेल्या स्टीलच्या रचनेचे) ग्रेन भाकरी थापल्यागत चपटे होतात, आणि आपल्याला तेच पायजे असतं, कारण थंड होताना फेराइटला (गार स्टीलच्या रचनेला) उगवायला जागा जास्त मिळते. पण तू दर पासला स्ट्रेन (दाबल्यानं आकार किती बदलला ते माप) शून्यापासून मोजतोयस का? 30 टक्केच रिक्रिस्टलाइज झालं तर उरलेल्या 70 टक्क्यांतला स्ट्रेन पुढं न्यायचा. सेलर्स या संशोधकाच्या सूत्रात निम्मं रिक्रिस्टलायझेशन व्हायचा वेळ स्ट्रेनच्या चौथ्या घातानं कमी होतो, म्हंजे स्ट्रेन दुप्पट तर वेळ सोळावा हिस्सा, पण हे साध्या स्टीलचं, नायोबियमला वेगळं सूत्र घे.

कुपवाडकर_पोरगा: आयला, दर पासला शून्यच करत होतो 🙈 केल्विन बरोबर आहे. रात्री परत चालवून बघतो.