कमी पैशातला सिनेमा, सातारा-सांगली पट्टा : कुठं अडतं?

वाई, कराड, मिरज, तासगावकडं पदरच्या पैशानं सिनेमा करायला निघालेल्यांसाठी हा धागा. कुठं अडतं, का अडतं, उपाय काय, एवढंच लिहा.

ध्वनी (कराड)
चित्र थोडं कच्चं आलं तर प्रेक्षक चालवून घेतो. संवाद कळला नाही की उठतो. कॅमेरा साधा घ्या, पण आवाजाचा माणूस पहिल्या दिवसापासून हवाच. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, वर मोठ्यानं गाणी. रस्त्याकडेचा वाडा कितीही देखणा असो, सोडून द्या. लोकेशन बघायला शूटिंगच्याच वेळी जा आणि दोन मिनिटं डोळे मिटून ऐका.

घरात सीन असेल तर पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज परत लावायचा राहू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, किल्लीशिवाय कुणी निघत नाही. नव्या कोऱ्या साडीत कॉलर माइक खसखसतो. साडी आधी दोनदा धुवा, माइक कागदी सर्जिकल टेपनं अंगालाच चिकटवा, खाली वायरीला सैल वेटोळं द्या, म्हणजे ओढ माइकपर्यंत जात नाही. काचेच्या बांगड्या पारदर्शक टेपनं एकमेकींना जोडा. सीन संपला की सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. एडिटिंगला तीच सांधे बुजवते.

लाइट (सांगली)
१००० वॅटचा दिवा २३० व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर ओढतो. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे एका सॉकेटवर एकच दिवा. दोन लावले तर आधी प्लग तापतो, मग वास येतो. मळ्यात थ्री फेज दिवसा आहे की रात्री, ते वायरमनला आधी विचारून घ्या. थिएटरसाठी सेकंदाला २४ फ्रेम धरा, शटर मात्र १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, शटर भलतंच ठेवलं तर ट्यूबलाइट फडफडताना दिसते.

डेटा (मिरज)
कॅमेरा १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर तासाला ४५ जीबी. रोज तीन तास, पंधरा दिवस म्हणजे दोन टीबी. दोन प्रती म्हणजे चार. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

परवानग्या (सातारा)
ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस ठाण्यात अर्ज, हे बहुतेकांना माहीत असतं. चुकतं ते जनावरांचं. बैलजोडी असो की शेळी, अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी लागते. नंतर धावपळ केली तर सेन्सॉरला सिनेमा अडतो, आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो.

प्रॉडक्शन (वाळवा)
वरच्या ध्वनीवाल्यांशी शंभर टक्के सहमत. शूटिंगवर सगळे पैसे उडवू नका. डबिंग, मिक्सिंग, चित्राचे रंग जुळवणं, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत), सेन्सॉर हे सगळं पुढं असतं, आणि हार्ड डिस्कवर पडून राहिलेले सिनेमे बहुतेक इथंच अडलेले असतात.

आणखी एक. मागं उसाचा फड घेणार असाल तर तोड कधी आहे ते मालकासोबत कारखान्याच्या चिटबॉयलाही (तोडीची चिठ्ठी देणारा माणूस) विचारा. टोळी आली की मालकाच्या हातात काही राहत नाही, आणि दुसऱ्या शेड्यूलला हिरव्या फडाच्या जागी नुसतं पाचट असतं. त्या शेतातले सगळे सीन, क्रम कसाही असो, एकाच दमात उरका.