हॅरी बिघडला नाही, पंधराचा झाला

पंचगंगाकाठ: हॅरी पॉटरची पहिली तीन पुस्तकं नाद खुळा. पाचव्यात हॅरी नुसता रॉन-हर्मायनी या दोस्तांवर ओरडत सुटलाय. जादूची मजा गेली, मालिका बिघडली. पोरांसाठी लिहिलंय का म्हाताऱ्यांसाठी?

जुना_बुधवारकर: सकाळपासून डोकं फिरलंय हे वाचून. भावा, चौथ्याच्या शेवटी स्मशानात त्याच्या शाळेतला सेड्रिक त्याच्या डोळ्यांदेखत मेला. नंतर सगळा उन्हाळा मावशीच्या घरात कोंडल्यासारखा, पेपर त्याला खोटारडा म्हणतोय, हेडमास्तर डंबलडोर नजरेला नजर देत नाही. पंधराचं पोर ओरडणार नाही तर काय करणार?

माझे वडील गेले तेव्हा मी दहावीत. बाराव्याला जो तो खांद्यावर हात ठेवून सांगायचा, 'आता तूच घरातला कर्ता.' पुढच्याच आठवड्यात आमटी खारट झाली म्हणून मी ताट भिंतीवर फेकलं. आई काही बोलली नाही, ओल्या फडक्यानं भिंत पुसत बसली. हळदीचा डाग राहिलाच. धर्मपिता सिरियस गेल्यावर हॅरी डंबलडोरच्या खोलीतलं सामान फोडतो, ते पान मी त्या भिंतीकडे पाठ करून वाचलंय.

आणि पहिलं पुस्तक १९९७ चं, पाचवं २००३ चं. दहा-अकराव्या वर्षी हातात घेतलेली पोरं तोवर सोळा-सतराची झाली होती. हॅरीनं तेवढं तिसरीतच बसायचं का?

मंगळवारपेठी: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण साडेसातशेच्या वर पानं, किती चिडचिड सोसायची? आणि हा राग इंग्रजीतच कळतो. त्याचं ओरडणं तिथं कॅपिटल अक्षरांत छापलंय, देवनागरीत कॅपिटल आहेत कुठं? अनुवाद वाचून मतं देऊ नयेत.

कागलची_वाचक: का देऊ नयेत? मी झेडपीच्या शाळेतली. पहिलं पुस्तक मराठीतून मिळालं म्हणून पुढची इंग्रजीतून वाचायचं धाडस झालं, मांडीवर डिक्शनरी घेऊन. १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिरासारखं वाचनालय असलेल्या कोल्हापुरात मराठी वाचणाऱ्याला मत नाही म्हणता?

मंगळवारपेठी: ताई, शाळेचा विषय मी काढला नाही.

कागलची_वाचक: काढलातच. कॉलेजात एका बाईंनी वर्गासमोर माझे उच्चार हसण्यावारी नेले होते. तुमचं वाक्य तसंच लागलं.

मंगळवारपेठी: तसं म्हणायचं नव्हतं. 'मतं देऊ नयेत' हे चुकलं, मागे घेतो. कॅपिटलचं मात्र खरं आहे.

जुना_बुधवारकर: माझ्या ताटाचा आवाज कुठल्या लिपीत होता? आईला बरोबर कळला.

कागलची_वाचक: आणि ओरडणंच धरून बसलाय सगळे. त्याच पुस्तकात हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलची भान हरपलेली आई दवाखान्यात त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते टाकून दे. पोरगं गुपचूप खिशात घालतं. पहिल्या पुस्तकातला बेडूक हरवून रडणारा नेव्हिल हाच. हे तिसऱ्यापर्यंत थांबलेल्या मालिकेत आलं असतं?

पंचगंगाकाठ: तो कागद विसरलो होतो. नेव्हिलचं मान्य. पाचवं परत काढतो वाचायला. पण त्या जाचक शिक्षिकेची, अंब्रिजची पानं जास्तच आहेत, त्यावर मी हटणार नाही.