वडील वारले, वावर त्यांच्याच नावावर. सुरुवात कुठून करावी?

धुऱ्यावरचा:
आर्णी तालुका. बाबा नागपूरच्या दवाखान्यात वारले, तेरवी आटोपली. चार एकर वावर, सोसायटीचं पीककर्ज, बँकेत एक खातं. घरी आई, आजी, आम्ही दोघं भाऊ. बहिणीचं लग्न झालं. ग्रामपंचायत म्हणते, मृत्यूची नोंद इथं होत नाही. भाऊ म्हणतो, बहिणीचं नाव नंतर पाहू.

काळी_माती:
ग्रामपंचायत बरोबर सांगते. मृत्यू जिथं झाला तिथं नोंद, म्हणजे नागपूर महापालिकेत. दवाखान्यातला मृत्यू दवाखान्यानंच कळवायचा असतो, मुदत २१ दिवस. कळवला की नाही ते विचारून घ्या. दाखला मिळाला की खिडकीवर उभं राहूनच नाव वाचा. आधारवर नामदेवराव, सातबाऱ्यावर नामदेव, दाखल्यावर नामदेओ असं झालं तर पुढं प्रत्येक टेबलावर कागद परत येतो.

फेरफारवाला:
बहिणीचं नाव गाळायचा विचारही करू नका. वारसांच्या शपथपत्रात सगळे वारस लिहावे लागतात. एक लपवला अन् तिनं हरकत घेतली की प्रकरण तहसीलला जातं. आजीचंही नाव टाका. मयताची आई हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गातली वारस आहे, अन् तिलाच लोक हमखास विसरतात. म्हणजे तुमचे वारस पाच.

अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) किंवा ई-हक्क या ऑनलाइन पोर्टलवरून. वर्दी (म्हणजे मृत्यूची खबर) ३ महिन्यांच्या आत द्यायची. मृत्यू दाखला, सातबारा, ८-अ (खात्याचा उतारा), सगळ्यांचे आधार, शपथपत्र. आधी ६-क ला (वारसांच्या नोंदवहीत) वारस चढतात, मग फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद) पडतो, १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत नसली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. लोक तलाठ्याकडं कागद दिले की घरी बसतात. फेरफार प्रमाणित झाला का ते पाहतच नाहीत. २०२५ मध्ये मयतांच्या जागी वारसांची नावं चढवायला 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली ती उगाच नाही.

बहिणीला हिस्सा नकोच असेल तर वारस नोंद झाल्यावर हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा दस्त) करा, तेही दुय्यम निबंधकाकडं नोंदवून. नोटरीच्या कागदावर नाव कमी होत नाही.

धुऱ्यावरचा:
सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, त्यानं वारस नोंद अडेल का? अन् एटीएम घरीच आहे, पैसे काढले तर?

पासबुक_पाहा:
बोजा सातबाऱ्यावर तसाच राहतो, नोंद अडत नाही. कर्ज वारसांकडं येतं, पण वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. सोसायटीच्या सचिवाकडून बाकी लेखी घ्या.

एटीएमला हात लावू नका, उद्या बाकीचे वारस हिशेब मागतील. बँकेला दाखला द्या. नॉमिनी असला तर पैसे त्याच्या हाती येतात, मालकी मात्र सगळ्या वारसांची. त्याआधी पासबुकात मे-जूनच्या नोंदी चाळा. ४३६ रुपये कटले असतील तर जीवनज्योती विमा आहे, वय ५५ च्या आत असेल तर २ लाख. २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा, तो फक्त अपघाताचा. दावा त्याच शाखेत.

काळी_माती:
साप, वीज, करंट, गाडी यातलं काही कारण असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाख मिळतात. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. तेरवीतच अर्धी मुदत जाते, म्हणून हे सगळ्यात आधी पाहा.

पीएम किसानला मृत्यू कळवा, नंतर आलेला हप्ता परत मागतात. सातबारा नावावर आला की तुम्ही नवीन अर्ज करू शकता. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही, पण वारसानं आलेली चालते. अर्जाआधी फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढा. पंपाच्या वीज कनेक्शनवरचं नावही नवा सातबारा हाती आल्यावरच बदला.