मॅस्लो आणि पखवाजाची कणीक
'पोट भरल्याशिवाय माणूस कलेकडे वळत नाही, हेच मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो सांगतो' असं बरेचदा म्हटलं जातं. नाही हो! माणसाच्या गरजा पायरीपायरीने दाखवणारा जो पिरॅमिड त्याच्या नावाने दाखवतात, तो १९४३च्या त्याच्या लेखात काढलेलाच नाही. एक गरज पूर्ण भागल्यावरच पुढची जागी होते, हा गैरसमज असल्याचं त्याने स्वतःच लिहिलंय. समजण्यापुरते आकडेही दिलेत: सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या, सुरक्षितता ७०, प्रेम ५०, आत्मसन्मान ४०, आत्मसिद्धी (आपल्यातल्या क्षमता पूर्ण फुलवणं) १०. म्हणजे सगळ्या एकाच वेळी, कमीजास्त.

१९८२च्या गिरणी संपात पगार थांबला, तरी आमच्या लालबागच्या चाळीतले शेजारचे काका रोज संध्याकाळी गॅलरीत पखवाज घेऊन बसायचे. पिठाचा डबा तळाला गेलेला असायचा. तरी पखवाजाच्या डाव्या पुडीला (तोंडावरच्या कातड्याला), आवाज खर्जात यावा म्हणून लावायला कणकेचा एक गोळा काकू आधी बाजूला काढून ठेवायच्या.