मदत हवी आहे: हे बेट यादीत ठेवू की उडवू?

भुंगा७३: आमच्या सॉफ्टवेअरच्या ड्रॉपडाऊनमधे देशांची यादी आहे त्यात एचएम येतंय. तिथे माणूस राहत नाही तरी कोड आहे. क्लायंट म्हणतो उडव, आमची टेस्टर म्हणते आयएसओच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत आहे म्हणजे देशच, हात लावायचा नाही. आज रात्री रिलीज आहे, पटकन सांगा. गूगल कर म्हणू नका, केलंय.

कट्ट्यावरचा: एचएम म्हणजे कुठलं? आणि यादी कशाची, पत्त्याची का फोनची?

भुंगा७३: हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटं. यादी देशांची, लिहिलंय की वर.

अण्णा: अंटार्क्टिकावरचे सगळ्यांचे दावे कराराने गोठवलेत. उडवा बिनधास्त.

दर्यावर्दी: अण्णा, तो करार 60 अंश दक्षिणेच्या पलीकडे, हर्ड 53 वर आहे. 1947 ला ब्रिटनने ऑस्ट्रेलियाला दिलं, 1953 चा वेगळा कायदा आहे, कारभार टास्मानियातून चालतो आणि गंमत म्हणजे कॅनबेराचे कायदे तिथल्या पेंग्विनांना लागू. देश नाही, ऑस्ट्रेलियाचा प्रदेश आहे. आयएसओ प्रदेशांनाही कोड देतं.

मोरपंखी: जायचं असेल तर आधी परमिट काढा. पर्थपासून 4,000 किमी, ना धक्का ना धावपट्टी. बोट लागत असेल तर आलेपाक सोबत ठेवा.

भुंगा७३: ताई मी कुठेही जात नाहीये

चहाबाज: 2025 च्या एप्रिलमधे अमेरिकेने याच बेटांवर 10 टक्के टॅरिफ लावलेलं. त्यांनीपण तुमच्यासारखीच यादी कॉपी मारली असणार 😂

कट्ट्यावरचा: पुन्हा विचारतो, रकाना कसला आहे?

भुंगा७३: राष्ट्रीयत्वाचा

कट्ट्यावरचा: अहो मग हे आधी नाही का सांगायचं! हर्डचं राष्ट्रीयत्व असं काही नसतंच. त्या रकान्यात लपवा, पण टेबलातून डिलीट मारू नका, पत्त्याला तीच यादी असेल तर बोंब होईल. बीव्हीपण बघा, नॉर्वेचं बूव्हे, तिथेही कुणी नाही.

भुंगा७३: आयला तेपण आहे. लपवतो दोन्ही. धन्स.

अण्णा: हर्डवर जिवंत ज्वालामुखी आहे, 2,745 मीटर, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर एवढं उंच काही नाही. मालक कोणीही असो.

मोरपंखी: आत्ता नकाशा उघडून बघितलं, लोणावळ्यावरून सरळ दक्षिणेला रेघ ओढली की मालदीव आणि मग एकदम हर्डच, मधे नुसतं पाणी!